चौकट हलू देऊ नकोस, बाबू

बाबू, टाइमलॅप्स करायचा, म्हणजे ठरावीक अंतराने फोटो काढून ते भराभर दाखवायचे, तर कॅमेरा कोणता घ्यायचा हे नंतर विचार. आधी हिशेब कर. शेवटी पडद्यावर किती सेकंद दाखवायचे आहेत ते ठरव आणि तिथून मागे मागे ये. २५ फोटो म्हणजे एक सेकंद. दहा सेकंदांचा व्हिडिओ हवा तर २५० फोटो लागतील. फूल उमलायला चार तास लागत असतील तर ते झाले १४,४०० सेकंद. त्याला २५० ने भाग, साधारण ५८ येतात. म्हणजे मिनिटाला एक फोटो पुरे. हा भागाकार न करता बसणारी पोट्टी दर सेकंदाला फोटो काढत राहतात, फोन भरून जातो, आणि फूल अर्धं उमलतं तेव्हा जागाच उरत नाही.

याच भागाकारावर तुला एक गोष्ट सांगते, कारण घरच्या घरी टाइमलॅप्स करणाऱ्यांचे आपले मूळपुरुष दादासाहेब फाळके आहेत. १९१२ साली ते लंडनला गेले, विल्यमसन कंपनीचा हाताने फिरवायचा कॅमेरा घेतला आणि परत आले. ‘राजा हरिश्चंद्र’ काढायला पैसा हवा होता आणि चालत्या चित्राच्या धंद्यावर पैसा लावायला कोणी धजत नव्हतं. तेव्हा त्यांनी काय केलं? एका कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर त्या रोपाची चित्रं घेतली. त्याचं नाव ‘अंकुराची वाढ’. दाणा फुटतो, कोंब वर येतो, पानं सुटतात, वेल चढते, आणि सगळं मिनिटभरात. ते पाहून यशवंतराव नाडकर्णी, नारायणराव देवहारे यांच्यासारख्या माणसांचा विश्वास बसला आणि कर्ज मिळालं. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. फिल्मच्या कडेला छिद्रं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं सरस्वतीबाई घरातच करत होत्या, हेही विसरू नकोस.

आता हिशेब. फाळक्यांनी रोज एक चौकट घेतली असं सगळीकडे सांगतात, आणि चित्र मिनिटभराचं होतं असंही सांगतात. त्या काळी सेकंदाला साधारण १६ चौकटी धावायच्या. महिन्याच्या ३० चौकटी म्हणजे दोन सेकंदसुद्धा नाहीत. मिनिटभर चित्र हवं तर ९६० चौकटी लागतात, म्हणजे रोज तीसेक. दोन्ही गोष्टी एकत्र बसत नाहीत. माझं मत विचारशील तर त्या माणसाने दिवसातून पुष्कळ वेळा त्या कुंडीपुढे उभं राहून हँडल फिरवलं असणार. तुझ्याकडे ते काम करायला फोन आहे. म्हणून त्या कष्टाची किंमत कळावी एवढ्यासाठी हा भागाकार करायला लावते.

फोन जुना चालेल. ड्रॉवरमध्ये पडलेला असेल तो काढ. फक्त मागची बाजू फुगलेली असेल तर त्याला हात लावू नको; फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावून रात्रभर ठेवणं धोक्याचं आहे. सिम काढ, फ्लाइट मोड लाव, अलार्म बंद कर, पडद्याचा उजेड अगदी कमी ठेव. फोनमध्ये आयता टाइमलॅप्स असतो तो ढगांना, रस्त्याला ठीक आहे. पण आयफोनचा आयता टाइमलॅप्स वेळ जसा लांबत जातो तसा दोन फोटोंमधलं अंतर स्वतःच वाढवत नेतो, म्हणजे ठरवणारा तू राहत नाहीस. रोपांसाठी ठरावीक अंतराने फोटो काढणारं अॅप घे. अँड्रॉइडवर ‘ओपन कॅमेरा’ फुकट मिळतं. त्यात किती सेकंदांनी आणि किती फोटो, दोन्ही भरता येतं. त्यात आधीचा फोटो पडद्यावर पुसट दाखवायचीही सोय आहे. तिचा उपयोग पुढे सांगते.

आता खरा मंत्र ऐक. ज्याचा बदल दाखवायचा तेवढंच बदलू दे. बाकी सगळं जागच्या जागी राहिलं पाहिजे. कॅमेरा, उजेड, फोकस, कुंडी, मागचा पडदा. टाइमलॅप्स बिघडतो तो नेहमी यातलं काहीतरी हललं म्हणून.

तिपाई विकत आणायची गरज नाही. दोन विटा, त्यांच्यामध्ये फोन उभा, आणि पुढेमागे सरकू नये म्हणून एक किलो डाळीची घट्ट बांधलेली पिशवी. डाळीची पिशवी फोनच्या आकाराला बसते, विटेसारखी डगमगत नाही. टेबलावर खडूने विटांच्या आणि कुंडीच्या कडा आखून ठेव, म्हणजे कोणाचा धक्का लागला तरी जागा सापडते. कुंडीवर एक चिठ्ठी चिकटव, पोछा मारायला येणाऱ्या मावशींना स्वतः जाऊन सांग, आणि घरातल्यांना किती दिवसांचं काम आहे ते आधीच कळू दे. 

आपल्या नागपुरात उन्हाळ्यात आणखी एक शत्रू असतो: कूलर. खिडकीत बसवलेला कूलर सुरू झाला की खिडकीची चौकट थरथरते, भिंतीला टेकलेलं टेबल थरथरतं आणि फोनही. शिवाय त्याचा वारा रोपाला सतत हलवतो. कूलरच्या खोलीत टाइमलॅप्स लावू नकोस. देवघर, कोठीची खोली, जिन्याखालची जागा बघ. छताचा पंखाही बंद हवा.

उजेडाचं शास्त्र जरा सावकाश समजून घे. खिडकीचा उजेड डोळ्याला सारखा वाटतो, पण दर ढगाबरोबर बदलतो आणि व्हिडिओ लुकलुकतो. तो लुकलुकाट घालवायला दोन गोष्टी करायच्या. एक, खिडकीवर जाड चादर लावून खोली बंद करायची आणि एकच एलईडी दिवा चोवीस तास पेटता ठेवायचा. साधा पिवळा बल्ब नको. शेजारी पंप सुरू झाला, व्होल्टेज पडलं, की तो मंद होतो आणि ते प्रत्येक फोटोत दिसतं. चांगला एलईडी तेवढा डगमगत नाही. लाइन जाण्याची धास्ती असेल तर दिवा आणि चार्जर दोन्ही इन्व्हर्टरच्या बोर्डावर घे. दुसरी गोष्ट, कॅमेऱ्याचं मन स्थिर करायचं. प्रो मोडमध्ये आयएसओ, शटर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स, चारही हाताने ठरव. शटर १/५० किंवा १/१०० ठेव, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि स्वस्त दिव्यांचा उजेड तिच्या तालावर सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. शटर त्या तालात बसलं की फोटोवर पट्टे येत नाहीत. आयफोनमध्ये पडद्यावर बोट दाबून धरलं की उजेड आणि फोकस दोन्ही कुलूपबंद होतात.

सुरुवात सोप्या गोष्टींनी कर. गुलबक्षी दुपार कलली की उमलते, चिनी गुलाब सकाळी ऊन अंगावर आलं की उघडतो. दोघांचं काम दोन-तीन तासांत होतं, आणि आज चुकलं तर उद्या दुसरी कळी तयारच असते. तिथे हात बसला की मूग घे.

मूग रात्री भिजत घाल. सकाळी काचेच्या सरळ ग्लासात ओल्या सुती कापडाची गुंडाळी बसव आणि काच व कापड यांच्यामध्ये चार-पाच दाणे सरकव, म्हणजे मूळ काचेतून दिसतं. पांढरं मूळ उठून दिसावं म्हणून कापड काळ्या रंगाचं घे. ग्लासाच्या तळाशी बोटभर पाणी ठेव, कापड ते ओढून घेतं. दर पाच मिनिटांनी एक फोटो, ३६ तास. ४३२ फोटो होतात, १७ सेकंद. मधल्या वेळेत एकदाच, मूळ बोटाच्या पेराएवढं झालं की, ग्लास हलक्या हाताने आडवा कर, पाणी आधी काढून टाक आणि पुन्हा तसाच सोड. मूळ वळतं आणि खाली जायला लागतं. कितीही वेळा पाहिलं तरी मला ते नवलाचं वाटतं. आयुष्यभर वनस्पतीशास्त्र शिकवलं; वेल आधार शोधत गोल फिरते हे फळ्यावर काढून दाखवलं, मुलांनी वहीत उतरवून घेतलं. डोळ्यांनी पाहिलेलं मूल मात्र रोपाकडे पुन्हा कधी निर्जीव वस्तूसारखं बघत नाही. म्हणून तुझ्या मागे लागले आहे.

जगदीशचंद्र बोस यांनी क्रेस्कोग्राफ केला तो याच ओढीने: रोपाची हालचाल हजारो पटींनी मोठी करून दाखवायची. त्यांनी अंतर मोठं केलं, आपण काळ आक्रसतो. आणि लंडनमध्ये पर्सी स्मिथ नावाचा एक सरकारी कारकून होता. त्याने राहत्या घरातच फुलं उमलताना चित्रित केली. ‘द बर्थ ऑफ अ फ्लॉवर’ १९१० मध्ये आला. रात्री फिल्म संपत आली की जाग यावी म्हणून त्याने घरभर घंटा बसवल्या होत्या. प्रयोगशाळा नव्हती, घरात केलेलं काम होतं. घरात होत नाही असं कोणी म्हणालं तर हे सांग.

मुगानंतर घट. याच्याइतका चांगला विषय आपल्या घरात दुसरा नाही, कारण सुरुवात आणि शेवट दोन्ही पंचांगानेच ठरवून दिलेले आहेत. घटस्थापनेला माती पसरली, धान्य पेरलं की नऊ दिवसांचे २१६ तास तुझ्या हातात येतात. पंधरा मिनिटांनी एक फोटो घेतलास तर ८६४ होतात, म्हणजे साडेचौतीस सेकंद. पण देवघर हे देवघर आहे. आधी आईला, आजीला विचार; पूजेच्या वेळी फोन आड येणार नाही असा उंच आणि कडेला लाव; सोवळ्याची जागा असेल तर फोन एकदाच लावून मोकळा हो, पुन्हा हात घालू नकोस. कॅमेरा थोडा वरून, तिरका असू दे. अगदी समोरून धरलास तर पुढचे कोंब मागच्यांना झाकतात. अखंड दिव्याची ज्योत चौकटीत घेऊ नको. तिचा उजेड हलतो आणि तेवढा भाग चमकत राहतो. मंद खोलीत घट पिवळा येतो, तो दोष नव्हे, उजेडाच्या शोधात कोंब भराभर लांब होतात. टाइमलॅप्ससाठी ते उलट चांगलं. रोज पाणी घालताना हात चौकटीत येईल. फोटो निघण्याच्या मधल्या पंधरा मिनिटांत पाणी घाल, म्हणजे हात दिसणार नाही. आणि कोंब शेवटी वीतभर उंच होतात हे ध्यानात ठेवून वर मोकळी जागा सोड. नवशिक्याचा घट पाचव्या माळेलाच चौकटीबाहेर निघून जातो.

ब्रह्मकमळाला मात्र दुसरी संधी नाही. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं. आपल्या कुंड्यांमधलं निवडुंगाच्या कुळातलं, मेक्सिकोकडून आलेलं. पावसाळ्यात एका रात्री उमलतं आणि सकाळी मान टाकतं. कळी आधी खाली लोंबते, मग देठ वाकून टोक वर उचलायला लागतं आणि कळी फुगते. पांढरं दिसू लागलं की रोज दुपारी बघत जा. ज्या संध्याकाळी पाकळ्यांची टोकं सुटलेली दिसतील, ती रात्र. त्या वेळी धावपळ करून सगळं जमवायचं नाही. विटा, दिवा, काळं कापड आदल्या आठवड्यातच जागेवर असू दे. कुंडी हलवायची असेल तर तीही चार दिवस आधी, वारा न लागणाऱ्या खोलीत. कळीचं देठ मऊ सुताने एका काडीला सैल बांध. घट्ट बांधलंस तर फुलाला वळायला जागा राहणार नाही. चौकटीत कळी छोटी ठेव. उमललेलं फूल तिच्या कितीतरी पट पसरतं आणि ज्या बाजूला तोंड करतं त्या बाजूला जास्त जागा लागते. संध्याकाळी सातला सुरू कर, अर्ध्या मिनिटाला एक फोटो. मध्यरात्रीपर्यंत ६०० फोटो, २४ सेकंद. फोन चार्जरला लावलेला हवा. मध्यरात्री थांबवू नकोस, पहाटेपर्यंत चालू दे. मिटणाऱ्या फुलाचं चित्र फार कमी लोक घेतात. आणि हो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना फूल बघायला बोलावतात आपल्याकडे, बोलवावंच. पण बघणाऱ्यांना कॅमेऱ्याच्या मागे खुर्च्या टाकून दे, आणि मोबाइलचे फ्लॅश बंद ठेवायला सांग.

दीर्घ कामाची हिंमत झाली की मामाच्या वाडीतलं संत्र्याचं झाड धर. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ रंगायला दिवाळी उलटते. तेवढे दिवस फोन तिथे ठेवता येत नाही, म्हणून इथे रोज एक फोटो, हाताने. बांधावर लाकडाचा खांब ठोक, त्यावर फोन बसेल अशी खाच असलेली फळी घट्ट बसव. रोज त्याच खाचेत फोन ठेवायचा, आणि ‘ओपन कॅमेरा’त कालचा पुसट फोटो दिसतो त्यावर आजची फांदी जुळवायची. वेळ एकच ठेव, सकाळी नवाच्या आसपास. नऊ महिन्यांचे २७० फोटो म्हणजे जवळपास ११ सेकंद. फळ भरत जातं तशी फांदी खाली वाकते, म्हणून इथे चौकटीत खालची जागा सोडायची. पंधरवड्यातून दोन-तीन दिवस चुकले तरी बिघडत नाही, पण खांब हलला तर सगळं गेलं. बैल बांधायला तो खांब कोणी वापरणार नाही एवढं बघ.

नागपूरकराने एकदा तरी करावा असा आणखी एक टाइमलॅप्स सांगते: शून्य सावलीचा. २६ मेच्या आसपास दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच बुडाशी जाते. जुलैत पुन्हा असा दिवस येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. पाण्याचा ग्लास ठेवू नकोस, तो वर रुंद असतो, त्याची सावली कधीच पूर्ण जाणार नाही. प्लंबरकडून पीव्हीसी पाइपचा वीतभर सरळ कापलेला तुकडा आण आणि ओळंबा लावून ताठ उभा कर. खाली पांढरा कागद, कडांवर खडे. साडेअकराला सुरू करून एकला दहा मिनिटं असेपर्यंत दर दहा सेकंदांनी फोटो घे, १९ सेकंदांचा व्हिडिओ होतो. फोनला मात्र सांभाळ. आयफोनची कंपनीच ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा म्हणते, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. म्हणून फोन गच्चीच्या दारात, सावलीत ठेव, कव्हर काढ, त्या वेळात चार्जिंगला लावू नको. बर्फ किंवा ओलं फडकं टेकवू नकोस, आत पाणी धरतं. तूही डोक्याला दुपट्टा बांधून, पाणी पिऊनच वर जा. कॅमेरा सूर्यावर रोखायचा नाही, डोळे तर मुळीच नाहीत.

ढग सोपे आहेत: तीन ते पाच सेकंदांचं अंतर, जून सुरू झाला की संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड. फुटाळ्याच्या काठावरून मावळतीचं आभाळ छान मिळतं. ताऱ्यांसाठी शहर सोडावं लागतं. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली आहे, मोठा झालास की तिकडे जा.

गच्चीवरून काढताना शेजाऱ्यांच्या गच्च्या चौकटीत घेऊ नकोस. बायका वाळवण घालतात, सरगुंडे-कुरडया उलथत बसलेल्या असतात. त्यांना न विचारता तासन्‌तास चित्रित करणं बरं नाही. सीताबर्डीचा किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे, तिकडे कॅमेरा रोखायचा नाही.

जोडणी संगणकावर कर. ‘डाविंची रिझॉल्व्ह’ची फुकट आवृत्ती पुरेशी आहे. क्रमांक लागलेले फोटो एका फोल्डरमध्ये असले की ते सगळे मिळून एकच क्लिप म्हणून उघडते. फक्त फोटो आत घेण्याआधी प्रोजेक्टचा वेग २५ ठरव. एकदा फोटो आत गेले की तो बदलता येत नाही. मोठ्या टीव्हीवर नेहमीचा एचडी व्हिडिओ दिसायला दोन मेगापिक्सेल पुरतात, म्हणून फोनला ८ मेगापिक्सेलच्या वर नेऊ नकोस. थोडं जास्त ठेवायचं ते नंतर चौकट कापता यावी म्हणून. प्रत्येक फोल्डरच्या नावात तारीख, रोपाचं नाव आणि दोन फोटोंमधलं अंतर लिही. व्हिडिओ झाला म्हणून मूळ फोटो पुसून टाकू नकोस, पुढच्या वर्षी त्याच रोपाचे फोटो शेजारी ठेवून बघायचे असतात.

मूग घरात आहेतच. आज रात्री भिजत घाल, आणि उद्या सकाळी ग्लास कुठे ठेवलास ते मला फोन करून सांग.